बांगडीतला मोर

पैठणीच्या पदरावर बांगडीमोर असला की बघणाऱ्याची नजर आधी पिसाऱ्यावर जाते. मला मात्र मोराभोवतीच्या बांगडीपाशी थांबावंसं वाटतं. कापडात असतात फक्त उभे आणि आडवे धागे. त्यातून गोल निघतो, ही गोष्ट मोराइतकीच सुंदर आहे.

ती नीट कळते टॅपेस्ट्रीचा, म्हणजे पैठणीच्याच जातीच्या विणीचा, पहिला धडा गिरवताना. एक लाकडी चौकट, खिळ्यांना ताणून बांधलेला सुती दोरा आणि लोकरीचे दोन रंग, एवढं सामान त्याला पुरतं. साध्या कापडात आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. इथे तसा जात नाही. प्रत्येक रंग आपल्या हद्दीत फिरतो आणि हद्द आली की मागे वळतो. ही हद्द तिरकी असेल तर काम सोपं, दर ओळीला एक तार, म्हणजे एक उभा धागा, पुढे सरकायचं. हद्द उभी असली की खरी परीक्षा. दोन्ही रंग ओळीमागून ओळ शेजारशेजारच्या त्याच दोन तारांवरून परत फिरतात आणि मधे फट पडते.

या फटीचं काय करायचं, याची प्रत्येक परंपरेनं आपापली वाट काढली. किलीम जातीच्या सतरंज्या विणणारे ती राहू देतात, पण लांबू देत नाहीत. म्हणून किलीमच्या नक्षीला कंगोरे असतात. युरोपात फटी मागाहून शिवून टाकत. शिवाय तिथल्या जुन्या टॅपेस्ट्री बहुतेक चित्र आडवं करून विणलेल्या आहेत. त्यामुळे उभ्या माणसांच्या आणि खांबांच्या लांब रेषा मागावर आडव्या होतात आणि सहज उतरतात.

येवल्या-पैठणचा विणकर ती फट पडूच देत नाही. मोराचं रेशीम आणि भोवतीची जर मागे वळण्यापूर्वी एकमेकांत अडकतात. दर ओळीला, प्रत्येक हद्दीवर. त्यासाठी आडवा धागा गुंडाळलेल्या छोट्या छोट्या तिल्ल्या पदराच्या पन्ह्यावर ओळीनं लोंबत असतात. जितक्या हद्दी जास्त, तितक्या तिल्ल्या जास्त. असा पदर विणायला महिने का लागतात, ते इथे समजतं.

आता बांगडी पाहा. तळाशी ती जवळजवळ सपाट आहे, तिथे रंग एका ओळीत बऱ्याच तारा ओलांडतो. पुढच्या ओळींत ही झेप आखडत जाते: पाच तारा, मग तीन, मग दोन, मग एक. यानंतर हिशेब उलटतो. एक तार सरकायला दोन ओळी लागतात, मग तीन, मग पाच, आणि कुशीवर रेषा सरळ उभी राहते. माथ्याकडे जाताना हेच सगळं उलट्या क्रमानं. गोलाई प्रत्यक्षात कुठेच नाही, आहेत त्या लहानमोठ्या पायऱ्या. त्यांचं प्रमाण मोजून ठेवलेलं असतं म्हणून हातभरावरून डोळा त्यांना वर्तुळ मानतो. एखादी पायरी एका ओळीनं जरी लांबली तरी बांगडी चेपल्यासारखी दिसते. म्हणून चांगला पदर ओळखायला मी सोन्याच्या झळाळीपेक्षा ही कुशीची रेषा पाहीन.

मोराच्या मानेतही हाच हिशेब आहे, फक्त अधिक नाजूक. कारण मान अरुंद आणि तिच्या दोन्ही हद्दी एकाच वेळी वळतात. एक बाजू बाहेर सरकते तेव्हा दुसरी आत यावी लागते. मुनिया पोपटाची चोच आणि असावली वेलीची पानं त्या मानानं विणीला मानवणारी. त्यांच्यात तिरक्या रेषा भरपूर. ही नक्षी शतकानुशतकं टिकली त्यात विणीच्या या स्वभावाचा वाटा असणार, असं मला वाटतं.

युरोपीय टॅपेस्ट्रीत उभा धागा पुरता झाकला जातो. पैठणीचा पोत तलम, त्यामुळे जरीच्या मधून रेशमाचा उभा धागा डोकावतो. हिरव्या पैठणीच्या पदराचं सोनं हिरवट छटेचं दिसतं आणि जांभळीचं जांभळट. फोटोत हे येत नाही, पदर हातात घेऊन उजेडात हलवावा लागतो.

आणि तो उलटावाही. जॅकार्ड मागावर विणलेल्या नक्षीच्या पाठीला सुटे धागे तरंगताना किंवा कापलेले दिसतात. हाताने अडकवून विणलेल्या पदराच्या मागच्या बाजूलाही तोच मोर असतो, तितकाच रेखीव, फक्त त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला.