आलेखी गणकयंत्र : किंमत आणि चिन्हरचना

पडद्यावर आलेख काढून दाखविणारे हातातील पहिले गणकयंत्र, कॅसिओचे एफएक्स-7000जी, 1985 साली बाजारात आले. त्याच्या पडद्यावर आडवे 96 व उभे 64 ठिपके होते. 2004 साली निघालेल्या टीआय-84 प्लसच्या पडद्यावरही तितकेच ठिपके आहेत. त्याचा प्रक्रियक 1976 सालच्या झेड-80 या कुळातील. तरीही अमेरिकेत त्याची किंमत शंभर डॉलरांच्या घरात राहिली. इतर विद्युत्-उपकरणे स्वस्त होत असता हेच अपवाद का ठरावे?

याचे कारण यंत्रात नसून परीक्षेत आहे. 1995 पासून तेथील एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत असे यंत्र आवश्यक ठरले. ज्या वस्तूची निवड शिक्षक करतो, अनुज्ञा परीक्षामंडळ देते आणि पैसे पालक मोजतो, तिची रचना सुधारण्याची निकड निर्मात्यास वाटत नाही.

रचनेतील एक दोष भाषाभ्यासकास विशेष जाणवतो. लेखी गणितात ऋणत्व व वजाबाकी यांना एकच चिन्ह असते. ‘कर’ या शब्दाप्रमाणे त्याचा अर्थ संदर्भाने ठरतो. टीआयच्या यंत्रात त्यांसाठी दोन कळा आहेत. पडद्यावर मात्र दोन्ही चिन्हांत केवळ रेघेच्या लांबी-उंचीचा अल्प फरक. ओळीच्या आरंभी वजाबाकीची कळ दाबली, की यंत्र आधीचे उत्तर आपणहून पुढे जोडते. विद्यार्थ्याच्या मनात ‘उणे पाच’ असते. यंत्र ‘मागील उत्तरातून पाच वजा’ असे वाचते. भेद करणे गैर नाही. केलेला भेद डोळ्यांस दिसू न देणे गैर आहे.

अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यास बारावीच्या परीक्षेत लॉगची कोष्टके चालतात, गणकयंत्र चालत नाही. त्यामुळे या खर्चातून तो सुटला. पण आलेख म्हणजे आलेख-कागदावर बिंदू जोडणे, एवढीच त्याची समजूत राहण्याचा धोका आहे. जिओजिब्रा व डेसमॉस ही विनामूल्य साधने साध्या भ्रमणध्वनीवर चालतात. वर्गात त्यांचा उपयोग व्हावयास हवा. परीक्षेचीही अडचण दुर्लंघ्य नाही : गेट परीक्षेत गणकयंत्र पडद्यावरच पुरविले जाते, आणि अमेरिकेच्या सॅट परीक्षेत 2024 पासून डेसमॉस अंतर्भूत आहे.

म्हणून उद्या आपल्या विद्यापीठांनी आलेखसाधनास मान्यता द्यावयाचे ठरविले, तर अमुक कंपनीचे यंत्र नेमू नये. विद्यार्थ्यास आलेखावरून काय वाचता आले पाहिजे, ते नेमावे.