निग्रह, स्वीकार आणि निवड

अश्लील चित्रें व चलच्चित्रें पाहण्याची अनावर संवय हा विषय सुशिक्षित कुटुंबांत उघडपणें बोलला जात नाहीं. म्हणूनच तिच्यावरील उपायांची चिकित्सा करणें अगत्याचें आहे. परंपरागत उपदेश एवढाच कीं, मन आवरावें, विचार दडपावा. परंतु १९८७ सालीं डॅनिएल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला प्रयोग या उपदेशाविषयीं शंका उत्पन्न करतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका, असें सांगितलेल्या माणसांच्या मनांत तें अस्वल पुनःपुन्हां डोकावलें. आणि पुढें मुभा मिळतांच त्यांना तें, आरंभापासून मुभा असलेल्यांपेक्षांही अधिक वेळां आठवलें.

स्टीव्हन हेज, कर्क स्ट्रोसाल व केली विल्सन यांनीं १९९९ सालीं ग्रंथरूपानें मांडलेली ‘स्वीकार व वचनबद्धता’ ही उपचारपद्धति नेमकी येथेंच वेगळी वाट धरते. मनांत ऊर्मि उठणें माणसाच्या स्वाधीन नाहीं. ती उठल्यावर काय करावें हें मात्र त्याच्या स्वाधीन आहे, हें तिचें सार होय. हा वासनेला मोकळें रान देण्याचा प्रकार नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. पण दारांत याचक उभा आहे हें मान्य केलें, म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हातीं दिल्या असें होत नाहीं. स्वीकार ऊर्मीचा आहे, कृतीचा नव्हे.

जेसी क्रॉसबी व मायकेल ट्वोहिग यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या चाचणींत २८ पुरुष होते. १२ बैठकींच्या या उपचारानें त्यांचें पाहणें ९३ टक्क्यांनीं घटलें. उपचाराची वाट पाहणाऱ्यांचें २१ टक्क्यांनींच. फल उत्साहजनक खरें. तथापि संख्या अल्प, आणि तुलना दुसऱ्या उपचाराशीं नव्हे, नुसत्या प्रतीक्षेशीं. तेव्हां सारें श्रेय स्वीकारालाच देणें घाईचें होईल.

याहून बिकट प्रश्न निवडीचा आहे. आपल्या जीवनमूल्यांनुसार मार्ग निवडावा, असें ही पद्धति सांगते. पण तीं मूल्यें खरोखर त्याचीं, कीं वडीलधाऱ्यांच्या धाकाचीं? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ पासून अमलांत आणलेल्या रोगवर्गीकरणांत अनावर लैंगिक वर्तनाची नोंद आहे. परंतु केवळ नैतिक निषेधांतून उपजलेली व्यथा निदानास पुरेशी नाहीं, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आवरण्याचे प्रयत्न दीर्घकाळ फसत राहणें, आणि त्यापायीं प्रकृति, काम व नातीं यांची हेळसांड होणें, ही खरी खूण होय.

म्हणून घरांतील तरुणाची ही संवय उघडकीस आली, तर ‘तुला लाज कशी वाटत नाहीं?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. लाज त्याला बहुधा पुरेशी वाटतच असते. ‘तुला कसें जगावयाचें आहे?’ हा प्रश्न अधिक कठीण, आणि त्याचें उत्तर त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास देतां येणार नाहीं. हें ओळखणें, हाच आमच्या मतें या पद्धतीचा मोठा गुण होय.