विरोधी पक्षनेत्याचें आसन

बीड जिल्ह्याला विरोधी पक्षनेतेपदाची ओळख नवी नाहीं. कै. गोपीनाथ मुंडे हे १९९१ पासून १९९५ पर्यंत विधानसभेंत त्या आसनावर होते. डिसेंबर २०१४ मध्यें विधान परिषदेंत तोच मान त्यांचे पुतणे श्री. धनंजय मुंडे यांस मिळाला. जिल्ह्यास याचा अभिमान वाटला असल्यास तें स्वाभाविकच होय. परंतु त्या मानाभोंवतीं जो तंटा माजला, त्याचें परीक्षण केल्यावांचून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस या पक्षांनीं पंधरा वर्षें एकत्र राज्य केलें आणि सप्टेंबर २०१४ मध्यें फारकत घेतली. निवडणुकींत विधानसभेच्या ४२ जागा काँग्रेसला व ४१ राष्ट्रवादीला मिळाल्या. परिषदेंत मात्र राष्ट्रवादीचे २८ व काँग्रेसचे २१ सभासद होते. १९७८ चा कायदा सांगतो कीं, विरोधी पक्षांत ज्याचें संख्याबळ सर्वांत अधिक, त्याच्या नेत्यास अध्यक्षांनीं वा सभापतींनीं मान्यता द्यावी. असें असतांही परिषदेंतील पदावर दोन्ही पक्षांनीं हक्क सांगितला, आणि नागपूरचें हिवाळी अधिवेशन संपत आलें तेव्हां कोठें निर्णय झाला. मराठवाडा दुष्काळानें होरपळत होता, आणि सरकारला जाब विचारावयाचे ते आपसांत आसनासाठीं भांडत होते!

सभापति कै. शिवाजीराव देशमुख हे काँग्रेसचे. त्यांनीं अखेर प्रतिस्पर्धी पक्षाच्या नेत्यास मान्यता दिली. मार्च २०१५ मध्यें त्याच पक्षानें त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणला, व सत्तारूढ भारतीय जनता पक्षाच्या साहाय्यानें तो संमत झाला. सभापतिपद राष्ट्रवादीचे श्री. रामराजे नाईक निंबाळकर यांजकडे गेलें. मोठ्या पक्षाचा सभापति असावा, हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या सरकारवर पहारा ठेवावयाचा, त्याच्याच मतांनीं शेजाऱ्यास खालीं उतरविलें, तर तो शेजारी त्या पहाऱ्यांत साथ कशी देईल? श्री. मुंडे यांनीं पुढें सरकारवर कठोर टीका केली, हें सर्वश्रुत आहे. आमचा आक्षेप त्यांच्या वक्तृत्वावर नाहीं. त्यामागें सर्व विरोधकांचें एकदिल बळ उभें राहण्यास जो विश्वास लागतो, तो आधींच खर्ची पडला, यावर आहे.

शेवटीं विधानसभेचें पद काँग्रेसकडे व परिषदेचें राष्ट्रवादीकडे, अशी जी वांटणी झाली, ती संख्या पाहतां पहिल्याच दिवशीं एकत्र बसून ठरवितां आली असती. त्यास नव्या कायद्याची गरज नव्हती. एकमेकांच्या शब्दावर विसंबण्याची होती. २०१९ मध्यें हेच पक्ष पुनः एका मंत्रिमंडळांत बसले. नेत्यांस फारकत व मनोमीलन दोन्ही परवडतात. दर हंगामांत कोयता घेऊन गांव सोडणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुरास मात्र मधलीं वर्षें परत मिळत नाहींत. पुढें असा तंटा उपस्थित होईल तेव्हां कोणाचे सभासद किती, हें वाचकांनीं विचारावेंच. पण कोण कोणाच्या मदतीनें जिंकला, हेंही विचारावें, अशी आमची विनंती आहे.