तांड्याची बोली आणि आमची कादंबरी

दिवाळी अंकासाठी लिहायचे तर काही गोड लिहावे, असा संकेत आहे. मी मात्र या वेळी स्वतःच्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. ती चूक माझी एकट्याची असती, तर वाचकांचा सणाचा वेळ घेण्याचे धाडस मी केले नसते. परंतु मला वाटते, ती आम्हा बहुतेक मराठी कादंबरीकारांची आहे, आणि तिची आठवण देण्यास दिवाळीइतका योग्य प्रसंग दुसरा नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरच्या लहानशा शाळेत मी मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. काही वर्षांपूर्वी सुटी संपल्यावर मी वर्गाला नेहमीचा निबंध घातला : ‘आमची दिवाळी’. एका मुलीने फार नीटनेटके लिहिले. आकाशकंदील, अभ्यंगस्नान, उटणे, चिवडा, करंज्या, सारे काही यथास्थित होते. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. मी दहापैकी नऊ गुण दिले आणि मग थबकलो. त्या पोरीच्या घरी आकाशकंदील कधी लागला नव्हता, हे मला ठाऊक होते. आणि तिच्या घरी जे होते, त्यातले अक्षरही निबंधात नव्हते.

बंजारा तांड्यावर दिवाळीची अमावास्या ही ‘काळी अमास’. त्या रात्री अविवाहित मुली हातात पेटता दिवा घेऊन आधी नायकाच्या घरी आणि मग घरोघर जातात. घरातल्या एकेका माणसाला उद्देशून ‘मेरा’ गातात. याडीला, म्हणजे आईला, वेगळा मेरा, बापाला वेगळा, नायकाला वेगळा. ज्या मुलीचे लग्न ठरलेले असते तिचा तो शेवटचा मेरा, म्हणून गाताना तिचा गळा दाटून येतो आणि ऐकणाऱ्या बायाही डोळ्याला पदर लावतात. अंधारातून ती दिव्यांची ओळ येताना ज्याने पाहिली, तो ती जन्मभर विसरणार नाही. माझ्या विद्यार्थिनीने त्याच रात्री मेरा गायला होता. मी तिला विचारले, “हे का नाही लिहिले?” ती म्हणाली, “गुरुजी, ते निबंधात नसते.”

त्या वेळी मला हसू आले. मात्र त्याच सुमारास माझी तांड्यावरची कादंबरी छापून आली होती. गावातल्या मंडळींनी कौतुक केले. तांड्यातल्या एका म्हातारीला तिच्या नातवाने त्यातली दोन प्रकरणे वाचून दाखवली. नायिकेचे मूल दगावते आणि ती आक्रोश करते, तो भाग त्यात होता. म्हातारी मला भेटल्यावर म्हणाली, “गुरुजी, गोष्ट तं चांगली हाये. पन हे बाई आमच्या तांड्यातली नाही. आमची बाई आपल्या मेलेल्या लेकरासाठी तुमच्या बोलीत कशी रडीन?”

मी नायिकेला वऱ्हाडीत रडवले होते. आणि म्हातारीनेही हा दोष मला वऱ्हाडीतच सांगितला, कारण इतकी वर्षे तांड्यावर काढूनही तिच्या बोलीत संभाषण करणे मला साधलेले नाही. समीक्षकांच्या लक्षात जे आले नाही, ते तिने एका वाक्यात दाखवले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वऱ्हाडी बोलीला मराठी कादंबरीत मानाचे पान मिळाले, ही आम्हा वऱ्हाडकरांना अभिमानाची गोष्ट आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. शिंपी कुटुंबातली कौतिक आपल्या संसारासाठी झुंजते, ती तिच्या स्वतःच्या बोलीत. तिची भाषा विनोदासाठी आणलेली नाही, की गावरान रंग चढवण्यासाठीही नाही. कौतिकचा स्वभाव आणि तिची बोली ही वेगळी काढताच येत नाहीत. ‘धग’पासून आम्ही एक धडा घेतला : पात्राला त्याच्या तोंडची भाषा द्यावी. धडा बरोबर होता. पुढे आम्ही आळस केला. विदर्भातले पात्र म्हटले की वऱ्हाडी, एवढेच सूत्र आम्ही पाठ केले, आणि तांड्यावरच्या माणसालाही तेच कापड बेतले.

गोरबोली ही काही वऱ्हाडीसारखी मराठीची बोली नव्हे. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणात वऱ्हाडी १९०५ च्या सातव्या खंडात मराठीबरोबर आहे. बंजारी किंवा लभाणी १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या सोबत आहे. तिचे नाते राजस्थानी-गुजरातीशी. आपले ‘माझे घर’ तिथे ‘मारो घर’ होते, भाकरीला ‘बाटी’ म्हणतात. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कानडीत. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी या नावाखाली देशभरात ३२ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे, पण हा आकडा हिंदीच्या पोटात घातलेला आहे. म्हणजे शिरगणतीत ही भाषा हिंदीची, शाळेत मराठीची आणि कादंबरीत वऱ्हाडीची! तिचे स्वतःचे असे घर तांड्याबाहेर कुठेच नाही.

हाच पेच दूर दक्षिण अमेरिकेतल्या एका लेखकासमोर उभा होता. देशाचे नाव पेरू. आपल्याकडच्या मुलांना ते ऐकून फळ आठवते, पण तिथे स्पॅनिश राज्यकर्त्यांनी केचुआ बोलणाऱ्या लोकांवर तीन शतके सत्ता गाजवली. सत्ता गेली तरी कचेरीची, शाळेची आणि पुस्तकाची भाषा स्पॅनिशच राहिली. होसे मारीआ आर्गेदास यांचा जन्म तिथे १९११ साली झाला. आई ते लहान असतानाच गेली. सावत्र आईने त्यांना घरच्या केचुआ नोकरांत ढकलले, आणि त्या नोकरांनी त्यांना माया दिली ती आपल्या भाषेसकट. पुढे ते शाळामास्तर झाले, लोकगीते जमवू लागले, कादंबऱ्या लिहू लागले.

लिहायला बसल्यावर त्यांना दिसले, की पुस्तकातले इंडियन शेतकरी शुद्ध स्पॅनिश बोलतात, ते तसे कधीच बोलत नाहीत. त्यांना केचुआत बोलू द्यावे, तर पुस्तक वाचणार कोण? १९३५ साली ‘आग्वा’, म्हणजे ‘पाणी’, हा कथासंग्रह आला, त्यात त्यांनी स्पॅनिश शब्द केचुआच्या वळणाने मांडले. भाषा मोडली, वाकवली. १९५८ च्या ‘खोल नद्या’ या कादंबरीत ते अधिक सोपे झाले. कथन स्पॅनिशमध्ये, पण गाणे आले की ते केचुआत, आणि शेजारी त्याचे स्पॅनिश रूप. ही कादंबरी मी इंग्रजी भाषांतरातून, शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. न समजणाऱ्या गाण्यावरून माझी नजर खाली सरकत होती, आणि प्रथमच मला उमगले, की काही ओळी न समजणे हाही वाचनाचा भाग आहे. समोरच्या माणसाचे सारेच आपल्याला कळत नाही, ही जाणीव त्या ओळी देतात. माझ्या कादंबरीत वाचकाला सारे कळत होते. तिथेच ती खोटी होती.

यावर आक्षेप येईल, की मराठी म्हणजे स्पॅनिश नव्हे. ती काही जहाजातून आलेली नाही, आणि इंग्रजीपुढे तिचीच दमछाक होत आहे. हे मला मान्य आहे. पण एकाच भाषेची दोन नाती असू शकतात. इंग्रजीच्या दारात मराठी जशी संकोचून उभी राहते, तशीच तांड्यावरची पोर आमच्या मराठीच्या दारात उभी राहते. “ते निबंधात नसते” हे वाक्य तिला कोणी राजाज्ञेने शिकवलेले नाही. ते आमच्या पुस्तकांनी, आणि माझ्यासारख्या मास्तरांच्या नऊ गुणांनी शिकवले आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. तांड्यातला बापच म्हणतो, पोराला चांगली मराठी शिकवा, नोकरी मिळू द्या. त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि मी मराठीच शिकवतो. एक भाषा यावी म्हणून दुसरी विसरलीच पाहिजे, असे मात्र नाही. पेरूच्या शेजारीच नव्हे, पण त्याच खंडात पॅराग्वे नावाचा देश आहे. तिथे ग्वारानी ही मूळची इंडियन भाषा आज इंडियन नसलेले लोकही घरात बोलतात, आणि १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. पेरूनेही १९७५ साली केचुआला राजमान्यता दिली. पुढच्या राज्यघटनांनी ती जेथे ती प्रामुख्याने बोलली जाते त्या प्रदेशापुरती आखडली. एवढ्यावरून कळते, की कायदा दार उघडतो, पण माणसे आत येतात ती त्या भाषेला घरी मान असेल तरच.

आपल्याकडे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या समीक्षेने त्यांच्या ‘अनुभवाचे’ कौतुक केले आणि भाषेकडे शब्दार्थांच्या यादीपुरते पाहिले. ज्यांची घरची भाषा मराठी नाही, त्यांनी मराठी लिहिताना तिला कोणते नवे वळण दिले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. तो विचारणे हे समीक्षेचे काम होते.

वाशीमकरांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने ‘वच्छोमी’ रीतीचा उल्लेख केला, तो याच गावाच्या नावावरून. दुसऱ्या विंध्यशक्तीचा इथला ताम्रपट सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा शेजारी नांदल्या, त्याने पत्रा काही फाटला नाही. त्याच प्राकृताच्या वंशातल्या मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आणि दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, आमच्या जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. एकाच आठवड्यात दोन्ही आनंद आम्ही साजरे केले. पण वारसा काचेच्या कपाटात ठेवला आणि बोली वहीबाहेर ठेवली, तर तो आनंद अर्धाच.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच, तर ते प्रकरण मी पुन्हा लिहीन. नायिकेचा आक्रोश तिच्या बोलीत असेल, आणि त्याचे शब्द मला त्याच म्हातारीकडून शिकावे लागतील. मराठी वाचकाला ते सारे कळणार नाही. बाईचे मूल गेले आहे, एवढे कळले तरी पुरे.

आणि निबंध? तो मी दरवर्षी घालतो. गेल्या वर्षी एका मुलीने मधेच चार ओळी मेरा लिहिला, देवनागरीत, आपल्याच कानाने. सवयीने माझा हात लाल शाईकडे गेला. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला माझ्यापाशी नियम नव्हता. मी वही तिच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, “हे तू वाचून दाखव.” तिने वाचले नाही, गायले. वर्गातल्या सगळ्या पोरी तिच्याबरोबर गाऊ लागल्या, आणि त्या वर्गात न कळणारा माणूस तेवढा मी एकटाच होतो.