अन्नाची ॲलर्जी : संज्ञा, मोजमाप आणि संशोधकांचे सहकार्य

'वांग्याचे वावडे' हा मराठीतील नित्याचा प्रयोग. त्यात अंगावर उठणाऱ्या गांधी येतात, पोटातला मुरडा येतो, आणि निव्वळ नावडही येते. बोलीला एवढी संदिग्धता परवडते. शास्त्राला परवडत नाही. अन्नाच्या ॲलर्जीवरील संशोधनात निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांना एकत्र आणण्याची निकड वारंवार भासली, तिचे मूळ पुष्कळ अंशी अशाच संदिग्धतेत आहे. मात्र एकत्र येण्याचे सर्वच प्रकार सारख्या मोलाचे ठरलेले नाहीत.

१९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के याने 'ॲलर्जी' हा शब्द घडविला तो 'बदललेली प्रतिक्रियाशीलता' या अर्थाने, आणि रोगप्रतिकारशक्तीचाही समावेश त्याने त्यात केला होता. शब्द लोकप्रिय झाला आणि त्याचा मूळ अर्थ हरपला. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर यांनी या विषयाला पहिला भक्कम आधार दिला. क्युस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्ताचा द्रव प्राउस्निट्झने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. रक्तात काही तरी आहे हे सिद्ध झाले. ते काय, हे कळण्यास चार तपांजवळ काळ जावा लागला.

१९६६-६७ च्या सुमारास डेन्व्हर येथे इशिझाका दांपत्याला आणि उप्साला येथे योहानसन व बेनिख यांना हा पदार्थ स्वतंत्र मार्गांनी सापडला. एकांनी त्यास 'गॅमा-ई' म्हटले, दुसऱ्यांनी 'आयजी-एनडी'. दोन्ही प्रयोगशाळांनी आपापली द्रव्ये परस्परांशी ताडून पाहिली आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने लोझान येथे भरलेल्या बैठकीत 'इम्युनोग्लोब्युलिन ई' हे एकच नाव ठरले. वस्तू एकच आहे याची खात्री आधी आणि नाव नंतर, हा क्रम येथे लक्षात घेण्यासारखा आहे. शब्द आधी ठरवून त्याला वस्तू शोधीत बसणाऱ्या आपल्याकडील परिभाषा-समित्यांना त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तथापि हे द्रव्य मोजता येऊ लागले आणि नवाच घोटाळा उद्भवला. रक्तात ते आढळणे म्हणजे संवेदन. अन्न खाल्ल्यावर त्रास होणे म्हणजे ॲलर्जी. या दोहोंतील अंतर किती असावे? 'युरोप्रिव्हॉल' या युरोपीय सहकार्य-योजनेचाच एक भाग म्हणून कर्नाटकातील प्रौढांची जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस खाद्यपदार्थांपैकी एखाद्याचे तरी संवेदन २६.५ टक्के लोकांत आढळले. संभाव्य ॲलर्जी मात्र १.२ टक्क्यांतच. केवळ रक्ततपासणीवर विसंबून पथ्य सांगितले असते, तर किती जणांच्या ताटातून तीळ विनाकारण हद्दपार झाले असते, याची कल्पना यावरून येते. निर्णायक कसोटी म्हणजे रोगी व वैद्य दोघांनाही न कळविता, वाढत्या मात्रेने ते अन्न खाऊ घालून पाहणे. तिचे स्वरूपही पूर्वी जागोजाग भिन्न होते. २०१२ मध्ये अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञांनी ३ मिलिग्रॅम प्रथिनापासून ३,००० मिलिग्रॅमपर्यंत चढत जाणाऱ्या मात्रांची एक श्रेणी सुचविली. वरकरणी ही बाब रुक्ष आहे. पण तिच्यावाचून लंडनचा निष्कर्ष बॉस्टनच्या निष्कर्षाशेजारी ठेवता येत नाही.

याच्या उलट, केवळ मतैक्य साधणारे सहकार्य किती महाग पडते, याचे उदाहरण शेंगदाण्याचे आहे. २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने असा सल्ला दिला की, ज्या अर्भकांना धोका अधिक त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. समिती जाणत्यांची होती. प्रयोगाचा पुरावा नव्हता. २००८ मध्ये हा सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी ब्रिटन व इस्राएल येथील प्रत्येकी पाच हजारांहून अधिक ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. इस्राएलमध्ये शेंगदाण्याचा खाऊ तान्ह्या वयातच देतात. तेथे या ॲलर्जीचे प्रमाण ०.१७ टक्के, तर ब्रिटनमध्ये १.८५ टक्के आढळले. पुढे गिडिअन लॅक यांच्या नेतृत्वाखाली ६४० अर्भकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. २०१५ च्या निष्कर्षानुसार, आरंभीच्या त्वचा-चाचणीत प्रतिक्रिया न दाखविणाऱ्यांपैकी शेंगदाणा वर्ज्य केलेल्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, नियमित खाणाऱ्या गटात १.९ टक्क्यांना. मधल्या वर्षांत आईबापांनी जी दक्षता निष्ठेने पाळली, तिनेच काही मुलांचे अहित केले असावे, हा या आकड्यांचा अर्थ टाळता येत नाही.

२०१० च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने अन्नाच्या ॲलर्जीची व्याख्या करताना दोन अटी घातल्या : प्रतिक्रिया प्रतिकारसंस्थेची असावी, आणि ते अन्न पोटात जाईल तेव्हा तेव्हा ती घडावी. व्याख्या नेमकी आहे. पण पाहणीत प्रश्न विचारले जातात ते लोकांच्या भाषेत, आणि तेथे सहकार्याचा हात अद्याप तोकडा पडतो. 'अमुक पदार्थाचे वावडे आहे का?' असे विचारल्यास नावड मोजली जाईल. उलट, कोळंबी खाऊन अंगभर गांधी उठलेला मनुष्य 'पित्त उठले' म्हणेल आणि ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' असे उत्तर देईल. मराठी प्रश्नावली रचणाऱ्या वैद्याने 'बाधणे', 'न मानवणे', 'पित्त उठणे' या प्रयोगांच्या अर्थमर्यादा आधी तपासून घेतल्या पाहिजेत. आणि त्या कामी त्याच्या शेजारी भाषाभ्यासकालाही बसविले पाहिजे.