हसणे आणि हिणवणे

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहण्याची हौस मनुष्यमात्राला आहे. विनोदी लेखकाची तर त्यावरच उपजीविका! प्रश्न एवढाच, की त्याला ते कुसळ काढायचे आहे, की चारचौघांत त्या डोळ्याची शोभा करायची आहे? पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या पुस्तकाकडे आम्ही याच कसोटीने पाहतो.

त्यातील अंतू बर्वा रत्नागिरीचा. पण आम्हां रायगडच्या किनाऱ्यावरील लोकांना तो परका वाटत नाही. कोणाच्या उत्कर्षाने न दिपणारी आणि कोणाच्याही मोठेपणाला टाचणी लावणारी तसली जीभ अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ओटीओटीवर आढळते. गावात वीज येते, पण अंतूशेटांना ती घरात नको असते. उजेडात पाहायचे काय, तर घरातले दारिद्र्यच ना, असा त्यांचा सवाल. वाचक हसतो आणि हसू ओसरण्यापूर्वीच ओशाळतो. बायको गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही, असे ते बोलून जातात, तेव्हा त्या तिरकसपणाखाली काय झाकलेले होते ते उमगते.

विनोद आणि टवाळी यांतील अंतर ते हेच. टवाळखोर माणसाचे व्यंग दाखवून मोकळा होतो, पु. ल. व्यंगामागचा माणूस दिसेपर्यंत तेथून हलत नाहीत. लग्नघरात सगळ्यांची कामे अंगावर घेणारा त्यांचा नारायण एकदा वाचावा. मग चर्चच्या सणाला मांडवात धावपळ करणाऱ्या आपल्या गावच्या नारायणाला 'रिकामटेकडा' म्हणताना जीभ अडखळेल.

मात्र या दालनात एक उणीव आहे. जवळजवळ सारी व्यक्तिचित्रे पुरुषांचीच. एकाही स्त्रीला तेथे स्वतंत्र आसन नाही. आमच्या किनाऱ्यावर मासळीबाजारात गिऱ्हाइकाची ऐपत, अक्कल आणि घराणे एका वाक्यात तोलणाऱ्या बाया बसतात. त्यामुळे ही रिकामी जागा आम्हांला अधिकच जाणवते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईतील कॅथलिक कुटुंबे पोर्तुगीजपासून उपजलेली आपली बोली पिढ्यान् पिढ्या बोलत आली आहेत. तिच्यातल्या कोट्या-टोमण्यांनाही मराठी साहित्यात अंतूशेटांइतका मान मिळालेला नाही.

याचा दोष एकट्या पु. लं.च्या माथी मारणे सोपे, पण अन्यायाचे. त्यांनी आपल्या ओळखीची माणसे लिहिली; आपल्या ओळखीची माणसे आपण लिहिली नाहीत. म्हाताऱ्या माणसाबरोबर त्याचे शब्दही मातीत जातात. तेव्हा वाचकहो, घरातल्या आजीची तिखट वाक्ये वहीत उतरवून ठेवा. पण उतरवताना तिच्या दारचा हापूस कधीपासून मोहरला नाही, तेही विचारा. त्याशिवाय ती वही पूर्ण होणार नाही.