आंबट, आंबूस, आंबलेलं

पुण्यात हल्ली आंबट बिअर टेबलावर आली की तिचं परीक्षणही लगेच स्टोरीवर येतं. ते जवळपास नेहमी सारखंच असतं: ‘टार्ट’, ‘फंकी’, आणि लिहिणारा जाणकार असेल तर ‘हॉर्स ब्लँकेट’. घोड्यावरच्या घोंगडीचा वास आपल्यापैकी किती जणांनी घेतलाय? तरी आपण तो पुढे ढकलतो. माझी तक्रार बिअरबद्दल नाही, या उसन्या जिभेबद्दल आहे.

ब्रसेल्सजवळची लॅम्बिक ही या कुळातली थोरली. धान्याचं उकळलेलं पाणी थंडीतल्या एका रात्री पसरट, उथळ भांड्यात उघडं ठेवतात. हवेतले आणि पुढे लाकडी पिंपातले जंतू ते आंबवतात. एक, दोन, तीन वर्षांची लॅम्बिक मिसळली की ग्यूझ तयार होते. ती पिताना दोन आंबटपणा वेगळे ओळखता आले पाहिजेत. लॅक्टिक आम्ल दह्यासारखं, गोलसर. अ‍ॅसिटिक आम्ल व्हिनेगरसारखं, नाकात टोचणारं. पहिल्याची चव हवी, दुसऱ्याची नुसती चाहूल. व्हिनेगर पुढे सरसावलं की बिअर फसली, मग लेबल कितीही देखणं असो.

चंद्रपूरकडच्या पोराला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील असते, आणि ती जमली की बिघडली हे घरातल्या बाया भांड्यावर नाक नेऊन सांगतात. आंबूस, आंबट, आंबटढोण, फसफसलेलं, विटलेलं, नासलेलं: प्रत्येक शब्द म्हणजे वेगळी अवस्था. ‘फंकी’ या सगळ्यांवर एकच झाकण ठेवतो.

आणखी खाली, भामरागडकडे, माडिया लोकांचा गोरगा आहे. भेरली माडाचा फुलोऱ्याचा दांडा कापून खाली भांडं टांगायचं, की रस ठिबकतो. लॅम्बिकसारखंच इथेही बाहेरून विरजण कोणी घालत नाही. फक्त बेल्जियमला जे करायला वर्षं लागतात ते इथे एका दिवसात होतं: ताजा रस गोड, मग फसफसणारा आणि आंबूस, आणि राहू दिला तर सरळ व्हिनेगरच्या वाटेला. म्हणून गोरग्याला किती वर्षांचा हे विचारण्यात अर्थ नाही, किती वाजताचा हे विचारावं.

पण इथे रसग्रहण अवघड होतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली, २०२१ ला उठली. ती यावी म्हणून २०१० मध्ये बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या होत्या. त्यांचं भांडण चवीशी नव्हतं, मजुरी पिऊन घरी येणाऱ्या माणसाशी होतं. त्यामुळे ‘जंगलाची चव’ असं लिहून कुणी गोरगा बाटलीत भरायला निघालं, तर मी त्या बायांच्या बाजूने. तसाही बाटलीत तो गोरगा राहणार नाही. आंबणं थांबवलं की त्याची गंमत संपली.

शब्दांना मात्र परवाना लागत नाही. पुढच्या कोकम सावरबद्दल लिहाल तेव्हा घोडा सोडा. ओल्या गोणपाटाचा वास आला तर तसं लिहा. कोकमाचा आंबट आणि आंबवण्याचा आंबट वेगळे लागतात का ते बघा (बऱ्याच ग्लासांत फक्त कोकमच असतं), आणि जे लागेल ते आंबिलीशी ताडून सांगा.